चौसाळ्याचा रविवार

बीडहून धाराशिवच्या वाटेला लागलं की मांजरसुंब्याचा घाट येतो. सह्याद्रीतले घाट चढलेल्या माणसाला तो घाटच वाटायचा नाही, इतका छोटा. पण पाण्याच्या हिशेबानं हा मोठा उंबरठा आहे. घाटाच्या अलीकडे पडलेला पाऊस बिंदुसरेत जातो, बिंदुसरा सिंदफणेत, आणि सिंदफणा माजलगावाजवळ मंजरथला गोदावरीत. सगळं जिल्ह्याच्या जिल्ह्यात आटोपतं. पलीकडे पडलेला पाऊस मात्र मांजरेचा. ही नदी पाटोदा तालुक्यात उगवते, बीड आणि धाराशिवच्या शिवेवरून वाहते, धनेगावच्या धरणात थांबून लातूरची तहान भागवते, कर्नाटकात बिदरकडे जाते, तेलंगणात उतरते आणि 700 किलोमीटरहून लांब वळसा घेऊन शेवटी त्याच गोदावरीला भेटते. चौसाळा या पलीकडच्या अंगाला आहे.

गाव बीड तालुक्यातलं, बाजारपेठेचं. मतदारसंघांची पुनर्रचना व्हायच्या आधी चौसाळा नावाचा विधानसभा मतदारसंघच होता, त्यामुळे जुनी माणसं निवडणुकीच्या गप्पा मारायला बसली की हे नाव हमखास निघतं. सोलापूर-धुळे महामार्ग इथूनच जातो. पूर्वी त्याचा क्रमांक 211 होता, आता 52 आहे. पंजाबातल्या संगरूरहून निघालेला हा रस्ता कर्नाटकात अंकोल्याला समुद्रापाशी संपतो. रात्रभर ट्रकांची रांग तुटत नाही.

पहाटे पाचच्या सुमाराला बीड जिल्ह्यात कुठल्याही मोठ्या रस्त्यावरून जा, कडेनं पोरं पळताना दिसतात. हातात मोबाइल, त्याच्यावर स्टॉपवॉच. गाडीचा उजेड अंगावर पडला की तेवढ्यापुरती दिसतात आणि पुन्हा अंधारात जातात. ही सगळी भरतीची पोरं. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, याला 20 गुण. 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. मुलांनी 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत संपवलं तर पैकीच्या पैकी, आणि पुढे काट्याबरोबर गुण उतरत जातात. एकदोन गुणांनी यादीतून खाली राहिलेलं पोरगं नाही असं गाव या भागात शोधावं लागेल. ‘ग्राउंड किती निघालं?’ हा प्रश्न इथं तब्येतीच्या चौकशीआधी विचारला जातो. त्यामुळे पळणं म्हणजे घड्याळ, असंच या पोरांना लहानपणापासून माहीत.

आणि पळणं म्हणजे रस्ता. गावात मैदान असलं तर त्यावर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात दगड, म्हणून पोरं डांबरीवर येतात. 2025च्या जानेवारीत एका रविवारी सकाळी बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ भरतीचा सराव करणाऱ्या मुलांना एसटी बसची धडक बसली आणि तीन तरुण जागच्या जागी गेले. ती बातमी जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात पोचली. ज्या घरातलं पोरगं पहाटे उठून बूट घालतं, त्या घरातल्या आईला तेव्हापासून झोप कशी लागत असेल, हे मी चौसाळ्यात अशाच एका आईच्या तोंडून ऐकलं. तिच्याकडे येतेच.

माझी मामेबहीण चौसाळ्याच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी पुण्यात टेकडीवर पळणारी. आम्ही फोनवर बोलायला लागलो की घरच्यांच्या खुशालीनंतर विषय पळण्यावरच येतो. एकदा ती म्हणाली, “ताई, आमच्याकडं रविवारी सगळे मिळून पळतेत. भरतीची पोरं, पोरी, मेडिकलवाले, मी, एक आई. घड्याळ न्यायचं नाही असं ठरलंय.” शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. ज्या पोरांचं नशीब सेकंदांवर ठरणार आहे, ती आठवड्यातून एक सकाळ घड्याळाशिवाय का पळतात, हे मला तिथं जाऊनच पाहायचं होतं. दसरा उलटून गेला होता, दिवाळीला अवकाश होता. शनिवारी संध्याकाळी मी चौसाळ्याला उतरले.

रविवारी साडेपाचला शाळेच्या फाटकापाशी सगळे जमले. गटाला नाव नाही, वर्गणी नाही, एकसारखे टी-शर्ट नाहीत. पंधरा-वीस जण असतील. मुलांतले बरेचसे विशीच्या आतबाहेरचे. चार मुली. एक मेडिकल दुकान चालवणारे, पोट कमी करायला डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आलेले आणि आता पोटाचा विषयही न काढणारे. माझी बहीण. आणि मेजर. मेजर म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. हुद्दा कोणताही असो, निवृत्त फौजीला गाव मेजरच म्हणतं. केस बारीक कापलेले, चाल ताठ, आवाज मात्र मऊ. हा रविवार त्यांनी सुरू केला.

एका मुलीच्या बुटांकडे माझं लक्ष गेलं. पांढरे कॅनव्हासचे होते. अंगठ्यापाशी फाटलेल्या जागी आतून जाड कापडाचं ठिगळ लावून वरून मेणदोऱ्यानं आडवे टाके घातले होते, एकसारखे आणि घट्ट, चांभारानं घालावेत तसे. मी विचारलं तर म्हणाली, “पप्पांनी शिवलेत. पोत्याच्या दाभणानं.” नाडी एका बुटाची पांढरी, दुसऱ्याची काळी. दोन्ही सुरगाठींवर पुन्हा एक गाठ, पळताना सुटू नये म्हणून.

“घड्याळ?” मेजरांनी विचारलं. मुलांनी रिकामी मनगटं वर केली. मोबाइल मेडिकलवाल्यांच्या पिशवीत गेले. “चला.”

आम्ही महामार्गाकडे पाठ केली आणि पांदणीला लागलो. रविवारी डांबरीवर जायचं नाही, हा दुसरा नियम. पांदण म्हणजे दोन बाजूंच्या शेतांमधून जाणारी मुरुमाची वाट, मध्ये गवताचा पट्टा, दोन्हीकडे चाकोऱ्या. ट्रॅक्टरनं पावसाळ्यात पाडलेल्या चऱ्या आता वाळून कडक झाल्या होत्या, त्यामुळे पाऊल बघून टाकावं लागत होतं. उजेड अजून फुटायचा होता. पुढे पळणाऱ्याच्या पायाचा आवाज ऐकून खड्डा कुठं आहे ते कळत होतं.

वेग इतका हळू की मला आश्चर्य वाटलं. पाच मिनिटांत 1600 मीटर मारणारी पोरं माझ्या बरोबरीनं पळत होती आणि बोलत होती. कोणाच्या तरी मामाच्या लग्नात जेवण कमी पडल्याची गोष्ट चालली होती. मेजर मागून ऐकत होते. एका पोरानं जरा पाय उचलला तसे ते म्हणाले, “बोलता येऊ लागलंय का बघ. बोलणं तुटलं म्हंजे लई पळू लागलास.”

हे सूत्र त्यांना पलटणीत मिळालं होतं. ते सांगत होते आणि मी शेजारून ऐकत होते. भरतीची पोरं सहाच्या सहा दिवस जीव तोडून 1600 मारतात. पहिल्या महिन्यात टायमिंग पटापट उतरतं, मग अडकतं, मग नडगी दुखायला लागते. पोरगं दुखऱ्या नडगीला पट्टी बांधून आणखी जोरात मारतं. शेवटी ग्राउंडच्या तारखेला लंगडत जातं. मेजरांनी अशी बरीच पोरं पाहिली. म्हणून त्यांनी मुलांशी सौदा केला: आठवड्यात दोनच दिवस घड्याळ, बाकी दिवस हलकं, आणि रविवारी लांब, सगळ्यांनी मिळून, गप्पा मारत. पहिल्या रविवारी दोघंच आले होते. त्यातला एक पुढे राज्य राखीव दलात लागला आणि मग गर्दी वाढली.

मी त्यांना ऑकलंडच्या आर्थर लिडियर्ड यांच्याबद्दल सांगितलं. न्यूझीलंडमधल्या बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. तो आपल्या आसपासच्या पोरांना दर रविवारी वैताकेरेच्या डोंगरातून 22 मैल पळवायचा. म्हणजे 35 किलोमीटर. त्यात पीटर स्नेल हा 800 मीटरचा धावपटूही असायचा. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी कोणी दोन-अडीच तास डोंगरात पळतं का, असं त्या काळच्या जाणकारांना वाटायचं. 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनं 800 मीटरचं सुवर्ण घेतलं, त्याच दिवशी त्याच रविवारच्या टोळीतल्या मरे हॅलबर्गनं 5000 मीटरचं, आणि बॅरी मॅगीनं मॅरेथॉनमध्ये कांस्य. 1964ला टोकियोत स्नेलनं 800 आणि 1500 दोन्ही जिंकली. हृदय बळकट होतं ते लांबच्या, हलक्या पळण्यानं, पायांतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं तेही त्यानंच, आणि मग वेग त्याच्यावर चढवता येतो. लिडियर्ड यांनी पुढे हेच औषध साध्या माणसांना दिलं. पोट सुटलेल्या, हृदयाचं दुखणं झालेल्या व्यापाऱ्यांना घेऊन त्यांनी 1962च्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये जॉगिंगचा क्लब काढला. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथं गेले, त्यांनी तो प्रकार पाहिला आणि मायदेशी नेला. सगळ्या जगात सकाळी बागेत पळणारी माणसं दिसतात त्यांची एक मुळी त्या रविवारात आहे.

मेजरांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे आपलं बरोबर हाय,” ते म्हणाले. मागं वळून त्यांनी मेडिकलवाल्यांना हाक मारली, “ऐकलंत का, तुमच्यासारख्या दुकानदारांनीच सुरू केलंय हे.”

पहिला ओढा ओलांडल्यावर पुढची पाच-सहा मुलं मोकळी सुटली. रविवारी हळू पळायचं असलं तरी विशीतल्या पायांना चढ दिसला की राहवत नाही. ती चढाच्या टोकाला पोचली, आणि मी समजत होते की थांबून आमची वाट पाहतील. ती थांबली नाहीत. वळली, आणि आमच्याकडे परत पळत आली. आमच्या अंगावरून मागे गेली, थेट शेवटच्या माणसापर्यंत, तिथं पुन्हा वळली आणि त्या माणसाच्या दोन बाजूंनी, त्याच्याच वेगानं, चढ चढायला लागली.

तो शेवटचा माणूस म्हणजे एक आई. पातळ नेसलेलं, पदर कमरेला खोचलेला, पायात मुलीचे जुने बूट. चौघींतल्या एका मुलीची ही आई.

तिची हकिगत तिनंच सांगितली, चढावर, दोन श्वासांच्या मध्ये. मुलगी बारावी झाली आणि भरतीचं म्हणाली. बाप तयार होता, आई नव्हती. काळोखात पोरगी एकटी रस्त्यावर कशी पाठवायची? त्यात घोडका राजुरीची बातमी आली. “तवापसून पोरगी गेली की मी दारात बसून राहायचे. येणारी-जाणारी गाडी मोजायचे.” मग रविवारचं कळलं. पांदणीनं जातात, मॅडम असतात, मेजर असतात. आई पहिल्यांदा राखणीला म्हणून फाटकापर्यंत आली. पुढच्या वेळी ओढ्यापर्यंत चालत गेली. मग चालण्यात आणि पळण्यात फरक राहिला नाही. “चालून चालून पळू लागले,” ती म्हणाली आणि हसली. मुली तिला लता करेंचं नाव घेऊन चिडवतात. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, अनवाणी पळून ज्येष्ठांची शर्यत जिंकणाऱ्या लता करे. “त्या अनवाणी, मला बूट तरी हायेत,” हे त्यावर तिचं उत्तर.

मला इथं थोडं थांबून लिहायला हवं, कारण बीडमध्ये मुलीचं पळणं हा नुसता तब्येतीचा विषय नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं 18 वर्षं पुरी व्हायच्या आत झालेली आढळली. त्याच्या मागे ऊसतोडीचं स्थलांतर आहे. आईबाप पाच-सहा महिने परगावी, वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? त्यापेक्षा उजवलेली बरी. शिवाय ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि जोडी असली तरच पुरती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. अशा ठिकाणी मुलगी ‘मी भरतीची तयारी करते’ म्हणाली, की घरात एक तारीख पुढे ढकलली जाते. पोलीस भरतीत स्त्रियांना 30 टक्के जागा आहेत. जागा मिळो न मिळो, तयारीची दोन-तीन वर्षं मुलीच्या पदरात पडतात. माझ्या बहिणीच्या वर्गातून गेलेल्या मुलींपैकी जितक्या या पांदणीवर आल्या, तितक्यांची लग्नं लांबली. तिनं हे मला रात्री भाकरी थापताना सांगितलं होतं, अगदी साध्या आवाजात. सकाळी त्या मुलींच्या मागून पळताना मला ते पुन्हा पुन्हा आठवत होतं.

आणि शेवटच्या माणसाला मागे येऊन घेऊन जाणारी ती मुलं! याचं मोल मला सांगता येईल का, माहीत नाही. पुण्यात आमच्या गटातही वेगवान लोक मागच्यांसाठी वळतात, ती जगभरच्या गटांत चांगली पद्धत मानतात. पण तिथं कोणाचं काही अडलेलं नसतं. इथं ही मुलं एकमेकांची स्पर्धक आहेत. एकाच जिल्ह्याच्या यादीत, एकाच प्रवर्गात, अर्ध्या गुणानं एकमेकांना मागे टाकणार आहेत. सोमवारी मैदानावर फक्कीनं आखलेल्या रेषेत ती एकमेकांकडे बघतही नाहीत. तीच मुलं रविवारी चढावरून चारदा खाली येतात, कोणाच्या तरी आईसाठी. एकाला मी विचारलं, कंटाळा येत नाही का परत फिरायचा? तो म्हणाला, “उलट आमचंच जास्त होतंय की. तुमचे आठ झाले तर आमचे अकरा.” मेजरांनी शेवटच्याची सोय आणि पहिल्याचा सराव एकाच वळणात बसवला आहे.

उजाडलं तेव्हा आम्ही माळावर होतो. एका बाजूला दूर पवनचक्क्या, पाती थांबलेली. सोयाबीन काढून झालं होतं. गंज्या ताडपत्रीखाली झाकलेल्या, आणि एका वावरात इतक्या सकाळी हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, सुरू झाला होता, त्याची धूळ तिरप्या उन्हात तांबूस दिसत होती. तूर कमरेच्या वर गेलेली. काही वावरांत ज्वारीची पेरणी नुकती झालेली, तासं ओली. मोराचा आवाज आला. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य इथून फार लांब नाही, पण या भागातल्या मोरांना अभयारण्याची हद्द ठाऊक नाही, ते सगळ्या शिवारात दिसतात आणि हरभरा उगवला की शेतकऱ्याचं त्यांच्याशी वाजतं.

धनगरांचा वाडा उतरला होता तिथं सगळ्यांनी पळणं थांबवलं आणि चालायला लागले. कुत्री तीन, उंच, केसाळ. मेंढरं बसवलेल्या वावराच्या बाजूनं पळत जायचं नाही, हे पोरांना लहानपणापासून माहीत असतं. मेजर पुढे झाले, धनगराला रामराम घातला, त्यानं कुत्र्यांना नावानं हाका मारल्या. “कशाला पळू लागलाव येवढ्या सकाळी?” त्यानं माझ्याकडे बघून विचारलं. “बरं वाटतंय म्हणून,” मी म्हणाले. त्यानं मान हलवली. वर्षातले आठ महिने कळपामागे चालणाऱ्या माणसाला ते उत्तर पटलेलं दिसलं.

अविनाश साबळेचं नाव निघणार हे ठरलेलंच. आष्टी तालुक्यातलं मांडवा याच जिल्ह्यातलं गाव. विटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा, शाळा सहा किलोमीटरवर, गाडी नाही, म्हणून कधी चालत कधी पळत. बारावीनंतर लष्करात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनलाही राहिला. 2022ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य, सुवर्णाच्या मागे फक्त पाच शतांश सेकंद. 2023ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. 2024ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91. हे आकडे इथली पोरं पाढ्यासारखे म्हणतात. पण मेजरांना त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. ते म्हणाले, “त्यो शाळेत चॅम्पियन नव्हता. फौजेत आल्यावर क्रॉसकंट्रीत घावला, 2015ला. टोळीत पळून पळून तयार झालाय.” आणि मग एका पोराकडे बोट दाखवून, “एकटा पळतो म्हणतोस ना, त्येला इचार.”

परतीच्या वाटेवर शेवटचा चढ आहे. तो संपला की गाव दिसतं. तिथून उतार. उतारावर मात्र रविवारचा नियम मोडायची मुभा आहे; सगळ्यांनी जमेल तेवढ्या जोरात सुटायचं. वारीत वेळापूरच्या अलीकडे वारकरी असाच उतार धावत उतरतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी त्यामागची आठवण सांगतात. मेडिकलवाल्यांनी वारी केलेली आहे, ते चढावर पोचताच दोन्ही हात वर करून ओरडले, “धावाऽ!” आणि वीस जणांची फळी एकदम सुटली. मुरुम उडत होता. आई माझ्या शेजारून पुढे गेली, पदर सुटून एका हातात धरलेला. तिची मुलगी मागं वळून ओरडत होती, “आई, हळू, पडशील!” आणि स्वतः थांबत नव्हती.

खाली एका पोराच्या वावरात बांधावर सीताफळीची झाडं. बालाघाटच्या या मुरमाड जमिनीत सीताफळ न लावता येतं, खत-पाणी मागत नाही, आणि गोडी अशी की बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. या दिवसांत घाटातल्या रस्त्याकडेला पाट्या भरून विकायला बसलेल्या बाया दिसतात. पोरांनी पिकलेली फळं आधीच काढून तुरीच्या पाल्यावर ठेवली होती. आईनं मला फळ कसं ओळखायचं ते दाखवलं. कच्च्या फळाचे डोळे एकमेकांना चिकटलेले असतात. तयार झालं की त्या खवल्यांच्या मधल्या भेगा रुंदावतात, आत पिवळट रंग दिसतो. याला डोळे उघडले म्हणतात. उघडायच्या आधी तोडलं तर ते पिकत नाही, काळं पडून दगड होतं. ती प्रत्येक फळावरून अंगठा फिरवून ठरवत होती, बघतही नव्हती. आम्ही बांधावर ओळीनं बसून खाल्लं. हात चिकट, बियांचे ढीग पुढ्यात, आणि मघाची मामाच्या लग्नातली अर्धी राहिलेली गोष्ट पुन्हा सुरू झाली.

एक पोरगा गप्प होता. चढावर सगळ्यात जास्त वेळा मागे आलेला तोच. मेजरांनी विचारलं, “कधी निघायचंय?”

“गुरवारी. मुकादमाचं ट्रॅक्टर येणार हाय.”

त्याच्या वडिलांच्या कमरेनं दुखणं धरलं होतं. उचल घेऊन झाली होती आणि ती फेडायला कोयता पुरा भरायला हवा, म्हणून या वर्षी आईबरोबर हा जाणार होता, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर. गुढीपाडव्याच्या आसपास परत. दिवाळीच्या आगेमागे या गटातली अशी चार-पाच पोरं कमी होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा येतात, असं बहिणीनं मला हळूच सांगितलं. ग्राउंडची तारीख मध्येच लागली तर ती थेट फडातून येतात. महिनोन्महिने मोळ्या वाहिलेले खांदे गोळाफेकीला बरे पडतात, पायांचा मात्र सराव गेलेला असतो.

“तिथं पळता येतं का?” मी विचारलं.

“रस्ता असतोय. पण पहाटं गाडी भरायची असती. आन रविवार नसतोय तिथं.”

ठिगळाच्या बुटांची मुलगी म्हणाली, “आम्ही निघालो की मिस कॉल देऊ.”

“मी गाडीवर असन तवा.”

“मग परत आलो की अजून एक देऊ. दुसरा आला की तू निघ. गाडी भरून झालेली असती ना आठपर्यंत?”

त्यानं जरा विचार केला. “व्हय. आठपर्यंत होती.”

“अर्धा तास हलकं,” मेजर म्हणाले. “1600 मारायचं न्हाई तिथं. बोलत पळायचं.”

“कुणासंगं बोलू?”

“मला फोन लाव की,” मुलीची आई म्हणाली. ती राहिलेल्या फळांतून डोळे उघडलेली पण अजून टणक असलेली निवडत होती, आणि निवडलेली पोराच्या रुमालात ठेवत होती. “मी घरीच असते आठला. आन ही गुरवारपतूर पिकतेत. पयल्या मुक्कामाला खा दोघं मायलेकरं.”

मेडिकलवाल्यांनी पिशवी उघडून मोबाइल वाटायला सुरुवात केली. मुलीनं तिथंच त्या पोराचा नंबर पुन्हा एकदा पडताळून घेतला.